अरुणभाऊनं न निवडलेली गिटार

अरुणभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अल्लीपुरात एका साखरपुड्याच्या पंगतीत बसलो होतो. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले. दुकानातच... गादीवर बसल्या बसल्या." पानावरून उठलो आणि मिळेल त्या गाडीनं पुलगाव गाठलं. घरासमोर अर्धा बाजार जमला होता. जो तो सांगत होता, काय गुणी माणूस, केवढा कलावंत, असा गिटार वाजवणारा आपल्या गावाला पुन्हा मिळायचा नाही. मी ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. हीच माणसं वीस वर्षं त्याच्या उजव्या हाताकडे बघून हसत आली होती. आता दीड महिना झाला. पुरवणीसाठी त्याच्याबद्दल काही लिही, असा आग्रह झाला तेव्हा ठरवलं, लिहायचं तर त्या हसणाऱ्यांबद्दल लिहायचं, आणि त्यांत सगळ्यांत आधी माझ्याबद्दल.

अरुणभाऊ माझा चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. काकांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, कापड दुकानात आम्ही दोघंही बसायचो. नव्वदच्या सुमाराला पुलगावच्या लष्करी डेपोत एक गोव्याकडचे मेजर बदलून आले होते. त्यांच्या बंगल्याच्या पडद्यांचं माप घ्यायला काकांनी भाऊला पाठवलं, आणि तिथं त्यानं नायलॉनच्या तारांची गिटार पहिल्यांदा ऐकली. माप चुकवून आला. पडदे वीतभर आखूड झाले, त्यावरून काका आठवडाभर बोलत होते. पुढं दर रविवारी सायकल काढून भाऊ मेजरसाहेबांकडे शिकायला जाऊ लागला. ही गिटार प्लास्टिकच्या पट्टीनं वाजवत नाहीत, नखांनी वाजवतात. म्हणून त्यानं उजव्या हाताच्या चार बोटांची नखं वाढवली, घासून गोल केली. जॉर्जेटचा तागा उलगडताना ती नखं कपड्यात अडकू नयेत म्हणून तो डाव्या हातानं कापड पसरायचा. गिऱ्हाइकं बघायची, शेजारचे दुकानदार विचारायचे, "काऊन अरुणशेठ, नेलपॉलिश आणून देऊ का?" काका म्हणायचे, बायकी थेरं आहेत. मीही त्यात भर घालायचो, आणि माझ्या विनोदांना सगळ्यांत मोठा हशा मिळायचा याचा मला तेव्हा अभिमान होता. भाऊ नुसता हसायचा आणि संध्याकाळी दुकान बंद झालं की माडीवर जाऊन बसायचा. एका साध्या, प्लायवूडच्या गिटारीवर तो काय काय काढायचा... खाली जेवता जेवता माझा घास हातात राहायचा. पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मेजरसाहेब निवृत्त होऊन नागपूरला राहिले. दोन हजारनंतर केव्हातरी त्यांचा परदेशातला मुलगा त्यांच्यासाठी एक नव्या तऱ्हेची गिटार घेऊन आला. तारा नायलॉनच्याच, पण सगळं अंग कार्बन फायबरचं, काळं कुळकुळीत, कुठं जोड नाही. उन्हानं तडकत नाही, पावसानं फुगत नाही. दुसरी त्यांची जुनी, सिडारच्या लाकडाची. साहेब आता कायमचे मुलाकडे निघाले होते. त्यांनी भाऊला फोन केला, दोन्हीपैकी एक तुझी, दोन रविवार सोडून तिसऱ्या रविवारी ये, वाजवून बघ आणि घेऊन जा, सोमवारी मी निघतो. त्या दिवशी भाऊनं दुकानात पाच मीटर मागणाऱ्याला सहा मीटर फाडून दिलं. मला म्हणाला, "सुधीर, साहेब म्हणून राह्यले का आपल्याकडच्या उन्हात काळीच टिकन. पण मी तिचा आवाज ऐकूनच घीन." अख्ख्या आयुष्यात त्याला स्वतःसाठी काही निवडायला मिळालं ते हे एवढंच. दुकान वडिलांनी दिलं, बायको मामांनी पाहिली, पोराचं नावसुद्धा आत्यानं ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात काका गेले. दहावा मंगळवारी आला. नदीवर आम्ही सगळे जमलो, न्हावी बसला. डोकं झालं, मिशी झाली, मग नखं. भाऊनं डावा हात पुढं केला. उजवा मांडीखाली दाबून ठेवला होता. हळूच मला म्हणाला, "सुधीर, ह्या चार बोटायची तेवढी राहू दे ना. रविवारी जायाचं हाये." न्हावी थांबला. गुरुजी मान खाली घालून दर्भ निवडत होते, ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. कुणालाच काही पडलेलं नव्हतं. पडलं होतं मला. चार पाहुणे ऐकत आहेत हे बघून मी मोठ्यानं म्हणालो, "बापापेक्षा नखं मोठे झाले का तुले?" भाऊनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग उजवा हात मांडीखालून काढला आणि न्हाव्यापुढं धरला. मुळापासून काढली नखं. वाढवायला त्याला महिने लागायचे.

रविवारी मी त्याच्यासोबत नागपूरला गेलो. मेजरसाहेबांनी त्याचं मुंडण पाहिलं, खांद्यावर हात ठेवला, मग त्याची बोटं पाहिली आणि म्हणाले, "अरुण, आज कान पे भरोसा मत करो. बिना नाखून के ये काली वाली खुलेगी नहीं." पण थांबायला दिवसच नव्हता. भाऊनं काळी गिटार मांडीवर घेतली. नुसत्या बोटांच्या मांसानं तिच्यातून जो आवाज निघाला तो घोंगडीत गुंडाळल्यासारखा होता. मग लाकडाची घेतली. ती जुनी, रुळलेली, बोट लागताच गोड बोलली. भाऊ कितीतरी वेळ एकदा ही, एकदा ती घेत राहिला. शेवटी त्यानं माझ्याकडे बघितलं. मला गाण्यातलं काय कळतं? पण आमच्या घराण्यात कपड्याला हात लावून बोलायची सवय. सुती ते खरं, टेरिलिन ते दिखाऊ, हेच गिऱ्हाइकाला सांगत आमचं आयुष्य गेलं. मी त्या काळ्या गिटारीवर बोटाचं पेर वाजवलं आणि निकाल दिला, "भाऊ, हे तं प्लास्टिकच्या बालदीवानी लागते. अस्सल लाकूड सोडून हे काऊन नेतं?" साहेब पुन्हा एकदा पुलगावच्या उन्हाबद्दल बोलले. भाऊनं लाकडाची उचलली. परतताना पॅसेंजरमध्ये ती त्यानं मांडीवर धरली होती आणि मी माझ्या पारखीवर खूश होतो.

पहिला उन्हाळा तिनं कसाबसा काढला. दुसऱ्या मे महिन्यात, दुपारी जेवून सगळे पडले असताना माडीवरून आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. गिटारीची वरची फळी तारांच्या बुडापासून खालच्या कडेपर्यंत उभी चिरली होती. गावच्या सुतारानं सरस भरून, दाबून बसवली, पण त्यानंतर तिच्या प्रत्येक सुराखाली एक भुणभुण येऊ लागली. नवीन आणायचं म्हटलं तर काळी गिटार इथं कुठंच मिळत नव्हती, आणि साहेबांचा पत्ता बदलला होता. प्लायवूडची तर त्यानं केव्हाच कुणाला देऊन टाकली होती. भाऊनं ही चिरलेली खोक्यात ठेवली ती ठेवलीच. मला एका शब्दानं बोलला नाही. खरं सांगतो, त्याच्या त्या न बोलण्याचा मला अजून राग येतो. एकदा तरी शिव्या द्यायच्या होत्यास रे. मी नदीवर ओरडलो तेव्हा "नाई काढत, जा" म्हणायचं होतंस. तू हात पुढं केलास आणि मला जन्मभर चुकीचं ठरवून ठेवलंस.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला माडीवर बोलावलं, त्याचं सामान आवरायला. टेबलाच्या खणात कपड्याच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या बारीक पॉलिश पेपरच्या पट्ट्या निघाल्या. काही वापरून गुळगुळीत झालेल्या होत्या, काही अगदी कोऱ्या होत्या. मी विचारलं, हे काय? वहिनी म्हणाल्या, "नखं घासाचे. दर रविवारी खिडकीत बसून घासत." मला नीट कळेना. गिटार तर सात वर्षांपासून खोक्यात होती. आणि मग आठवलं, खरंच, शेवटपर्यंत त्याच्या उजव्या हाताची नखं वाढलेलीच होती. रोज शेजारी बसत होतो, तरी मला ते दिसणं बंद झालं होतं.

"म्या बी एक डाव इचारलं त्यायले," वहिनी पट्ट्या पुन्हा खणात लावत म्हणाल्या. "वाजवत नाई, तं काऊन वाढवता? तं म्हणे, कोणी कधी तशी काळी गिटार घिऊन आलं, अन् म्हणलं का बघा वाजवून... तं त्या टायमाले हात तयार पाह्यजे."