तिकीट काढून वाघदेवाकडे

सातपुड्यातल्या त्या अभयारण्याला माझ्या मित्राच्या वडिलांइतका बेशिस्त पर्यटक आजवर मिळालेला नाही, आणि इतका हक्काचाही नाही. ज्या कुरणात जीप थांबवून लोक हरणं बघतात, तिथं त्यांचं शेत होतं. सरकारनं गाव उठवलं आणि अक्कलकुव्याजवळच्या वसाहतीत आणून टाकलं. माणसं हाकलली की जंगल बघण्यालायक होतं, हा आपल्या शहाण्यांचा शोध. तेव्हापासून बाबा स्वतःच्या गावी तिकीट काढून जायचे. जीपमध्ये चढताना चपला फाटकाशीच सोडायचे, कारण पुढं घर आहे. कुरण आलं की पर्यटकांना म्हणायचे, "हे आपलं अंगण. बसा निवांत." एकदा तर चितळांचा कळप बघून उभेच राहिले आणि "हुर्र! हुर्र!" करत त्यांनी सगळा कळप पळवून लावला. कॅमेरेवाले खवळले. बाबा त्यांच्यावरच डाफरले, "शेत खाऊन ऱ्हायले, अन् तुम्ही फोटो काढता?"

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत होतो. रानातल्या वाघदेवाच्या दगडाला कोंबडा दिल्याशिवाय वसाहतीत कुणी नवी ज्वारी तोंडात घालत नाही. सगळी घरं खोळंबली होती. फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, "बाबा, थैलीमा काय शे?"

"कांदा शेतस," बाबा म्हणाले.

अर्ध्या वाटेत कांदे आरवले. पुढच्या सीटवरच्या बाई आनंदानं किंचाळल्या, "अगं बाई, रानकोंबडा!" जीपभर कॅमेरे निघाले आणि सगळे झुडपं धुंडाळू लागले. गाईडनं बाबांच्या थैलीकडं पाहिलं, बक्षिशीचा विचार केला आणि म्हणाला, "दुर्मिळ आहे, मॅडम."

वाघदेवाच्या दगडाशी गाडी थांबते. हल्ली त्याला 'पॉइंट' म्हणतात. फोटोला परवानगी, पूजेला मनाई. बाबांनी थैली काखोटीला मारली आणि उडी टाकली. गाईड ओरडला, "बाबा, उतरू नका! वाघ शे आठे!"

"त्यालाच तं भेटाले उनू!"

पण दगडापर्यंत पोचू दिलं नाही. दोघा वनरक्षकांनी त्यांना दंडाला धरून आणलं. अभयारण्यात पाळीव प्राणी आणल्याबद्दल कोंबडा जप्त झाला आणि बाबांना फाटक कायमचं बंद झालं. मी कायदा सांगत होतो, हक्क सांगत होतो, घसा फोडून भांडत होतो. मागच्या जीपमधले लोक माझंही शूटिंग करत होते.

वसाहतीत बायका जात्याजवळ बसून होत्या. त्यांनी पाहिलं, बाबांचे हात रिकामे होते. एकेक जण उठून गेली आणि चुलीवर रेशनचा तांदूळ चढला.

बाबा डोंगराकडं तोंड करून ओट्यावर बसले. मी म्हणालो, "आपण मोर्चा काढू, बाबा." त्यांनी मान डोलावली, लहान पोराचं मन राखावं तशी. मग म्हणाले, "आम्हाला उठवलं, हे वाघदेवाला कुणी सांगितलं असंल का रे? त्याला वाटत असंल, पोरं आपणच निघून गेली."