सिंगापूरचं मशीन आणि वस्तीची पाळी

मी मशीनला एक साधी कमांड दिली आणि उत्तर यायला इतका वेळ लागला, की मध्ये माझी एक डुलकी काढून झाली. उन्हाळ्यातली दुपार. कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता, कारण त्यात ओतायला पाणी नव्हतं. समोर नवी इमारत उठत होती आणि तिच्या खांबांना ओली पोती गुंडाळलेली होती. शहराच्या कडेला असलेल्या आमच्या सातारा परिसरात तेव्हा माणसांच्या आधी खांबांना पाणी मिळायचं.

मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. म्हणजे लोकांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळायचे. हे मशीन, म्हणजे सर्व्हर, सिंगापूरला होतं. मी ते कधी पाहिलेलं नाही. पण डोळे मिटले की दिसायचं. थंडगार खोली, मिणमिणते हिरवे दिवे, आणि बाहेर चहूकडे समुद्र. एवढ्या पाण्याच्या मधोमध बसून ते कन्नड तालुक्यातल्या कोरड्या गावांच्या टँकरच्या पाळ्या लावायचं. या गोष्टीची मला कायम गंमत वाटत आली.

टँकर भाऊसाहेबांचे. सर्व्हर यायच्या आधी ज्या गावाचा आवाज मोठा, त्याला टँकर आधी. सर्व्हरला आवाज ऐकू येत नाही. तो पाळीप्रमाणे नंबर दाखवायचा आणि दुष्काळात तेवढ्यावर गावं शांत राहायची. त्या दिवशी भाऊसाहेबांचाच फोन आला होता. "मॅडम, मशीन लई हळू चालायलंय. टँकर भरून उभे हायत, नंबरच दिसंना."

सर्व्हरवर एक अनोळखी प्रोग्रॅम चालू होता. मशीनची सगळी ताकद तोच खात होता. मी तो बंद केला, तर बघता बघता परत उगवला. कुणीतरी आत घुसून आमच्या मशीनवर स्वतःसाठी डिजिटल नाणी पाडत होतं.

हे मी भाऊसाहेबांना समजावून सांगितलं.

"म्हंजे आपल्या विहिरीवर दुसऱ्याची मोटर," ते म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग काढा की मोटर."

"काढली तर परत बसते. त्यानं आत आणखी काय करून ठेवलंय, तेही कळत नाही. आणि मशीनला विचारावं तर ते आता त्याच्या बाजूनं खोटं बोलू शकतं. हे बंद करून नवं उभं करावं लागेल."

"आज?"

"आत्ता."

चोर शिरला कसा, ते शोधायला फार डोकं लागलं नाही. नंबर बघायला एकच खातं होतं, नाव टँकर. मी लावून दिलेला अवघड पासवर्ड भाऊसाहेबांच्या ऑफिसनं बदलून तोही टँकरच ठेवला होता, आणि त्याच खात्यातून सर्व्हरच्या आत जायची वाटही कुणीतरी उघडून ठेवली होती. ड्रायव्हर, सरपंच, सरपंचांचे मेहुणे, मागेल त्याला वाटप. इंटरनेटवर असले सोपे पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्रॅम अखंड फिरत असतात.

"पाण्यासाठी दारात आलेल्याला नाय कसं म्हणायचं, मॅडम?" भाऊसाहेब म्हणाले. यावर कॉम्प्युटरच्या पुस्तकात उत्तर नाही. मी नवा सर्व्हर उभा करायला घेतला.

"तुम्ही मशीन उठवत नाय तवर एकबी टँकर हलवत नाय," मग ते म्हणाले. "अंदाजानं सोडले, की परत ओरडणाऱ्याचं राज्य."

म्हणजे भरलेले टँकर उन्हात उभे, ड्रायव्हर त्यांच्या सावलीत आडवे, आणि सगळ्यांची तहान माझ्या बोटांवर. भीती वाटली. बॅकअप होता, पण आदल्या रात्रीचा. सकाळचे टँकर त्यात नव्हते आणि एक टँकर चुकला की सगळ्या पाळ्या चुकतात.

मी जुना सर्व्हर रेस्क्यू मोडवर उठवला. म्हणजे मशीन तेच, पण ते चालवणारं डोकं बाहेरून आणलेलं. जुन्या डिस्कमधली फक्त पाळ्यांची माहिती नव्या सर्व्हरवर आणायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. माहिती समुद्राखालून संथ येत होती. मला वाटत राहिलं, की कुठल्या तरी लांबच्या नळाला बारीक धार लागली आहे आणि मी खाली घागर लावून बसले आहे.

तेवढ्यात फोन वाजला. मदतीसाठी म्हणून स्क्रीनवर माझा फोननंबर असायचा.

"मी घाटाखालच्या वस्तीवरची कौसाबाई. अंगणवाडीत मदतनीस हाय. नंबर दिसंना, मॅडम."

"मशीन बिघडलंय, मावशी."

"असं का. करा सावकाश. आमचं संध्याकाळपर्यंत निघंल." मग जरा थांबून, "पाळी आमचीच हाय ना पण? सकाळचे टँकर गेले तवा पैला नंबर दिसला होता."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण मी अजून काही पाहिलं नव्हतं. "बघून सांगते," म्हणाले. त्या दिवशी गावांकडून आलेल्या फोनांत न ओरडता आलेला हा एकच होता.

माहिती पोचली. बाकी सगळं सोडून मी आधी वस्ती शोधली. पहिला नंबर, सकाळी होता तसाच. मी सकाळचे टँकर भाऊसाहेबांकडून एकेक विचारून ताडून पाहिले, नवा सर्व्हर चालू केला, आणि ऊन कलायच्या आत पहिला टँकर घाट उतरायला लागला. कौसाबाईंना फोन करून 'हो' सांगितलं. जुनं मशीन पुसून टाकलं.

पुढे प्रत्येक गावाला वेगळं खातं दिलं, ज्याचा पासवर्ड त्यानंच ठेवायचा, आणि आत जायची वाट माझ्याशिवाय सगळ्यांना बंद. "पाण्याला कुलूप लावलं का काय," भाऊसाहेब कुरकुरले. प्रत्येकाला मी एकच बजावलं, पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. शिकवण किती मुरली ते बघायला काही दिवसांनी मुद्दाम वस्तीचं खातं सांभाळणाऱ्या कौसाबाईंना फोन केला.

"मावशी, जरा तपासायचंय. पासवर्ड काय ठेवलाय तुम्ही?"

"मॅडम, पाणी मागा, घागरभर देते. त्येवढं मात्र नाय सांगायची."

तेव्हापासून त्या सर्व्हरची काळजी मी थोडी कमी करते.