फळ्यावरची सुमन

मित्रहो, आज दुपारी बोरी अरबच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात मुली खूप हसल्या. विषय होता नाम आणि त्याला जुळणारं सर्वनाम.

मी कॉलेजात गेलो नाही, इंग्रजी स्वतःच शिकलो. पण माझ्या फळ्यावर 'हर'च्या जागी 'हिज' आजवर पडलेलं नाही. आज लिहिलं, "सुमन फरगॉट हर अम्ब्रेला. सुमन मिस्ड हर बस."

पहिल्या बाकावरची पूजा म्हणाली, "सर, ह्या सुमनबाई रोजच बस चुकवून राह्यल्या. पोहोचतीन कधी?"

मीही हसलो. मुलींना काय माहीत, सुमन माझी बायको आहे म्हणून!

नातवाला सांभाळायला ती पुण्याला गेली, त्याला आठ महिने झाले. निघताना तिनं विचारलं होतं, "तुमचं कसं होईन?" मी ताठ्यात म्हटलं, "मले काय होते? राहू शकतो मी एकटा."

वर्ग सुटल्यावर तिला फोन लावला. नातवाच्या सर्दीचं विचारलं, औषध किती चमचे देते तेही विचारलं आणि ठेवून दिला.

"आता घरी ये" हे तुम्ही लोक कसं म्हणता हो?