आधीच मानलेले आभार

आमच्या मिशन हॉस्पिटलात देवाचे आभार मानायची इतकी घाई असायची की देवाला काम करायला सवड मिळायची नाही. हे मी उगाच म्हणत नाही. सव्वीस वर्षं तिथल्या ऑफिसात टाइपरायटर बडवला आहे, आभाराची हजारो वाक्यं या बोटांनी उमटवली आहेत, तेव्हा बोलायचा हक्क मला आहे. नळाला पाणी आलं की प्रभूचे आभार. नळ दुरुस्त करणारा माणूस पाना हातात घेऊन तिथंच ओलाचिंब उभा असायचा, पण त्याला कोणी चहासुद्धा विचारायचं नाही. शंभर माणसांचा स्वयंपाक वेळेवर झाला की प्रभूचे आभार, आणि मीठ कमी पडलं की मात्र स्वयंपाकीणबाईंना बोलावणं. मी देव मानतो. मानतो म्हणूनच हे माझ्या डोक्यात जायचं.

पण सांगायचं आहे ते धुण्याच्या मावशींबद्दल. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं त्यांच्याकडे. तीस वर्षं त्या एकाच खोलीत होत्या. खोलीत पाणी तापवायचा एक हंडा, सिमेंटच्या दोन टाक्या आणि बाहेर बारा दोऱ्या. चादर उलगडली की डाग बघून त्या सांगायच्या, ही बाळंतिणींच्या वॉर्डातली, ही हाडांच्या. बोलणं मोजकं. कोणी 'मावशी, प्रभूची कृपा आहे ना?' असं विचारलं तर म्हणायच्या, "आहे. साबण संपलाय." एवढ्यात संभाषण आटोपायचं.

त्यांचे यजमान हॉस्पिटलचे शिंपी. तेच ते डगले आणि अभ्रे शिवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि हळूहळू असं झालं की उजेड कुठून येतो एवढंच त्यांना कळायचं. शिवणाचं काम मात्र थांबलं नाही, कारण मावशी धुणं उरकून घरी जायच्या आणि नवऱ्याचं मशीन चालवायच्या. शिंपीदादा शेजारी बसून बोटांनी शिवण चाचपायचे आणि म्हणायचे, "इथं टाका सैल पडलाय गं." हॉस्पिटलला डगले वेळेवर मिळत होते. डगल्यांबद्दल प्रभूचे आभारही वेळेवर मानले जात होते.

आता आमचे साहेब. हॉस्पिटलचे आणि मिशनचे प्रमुख. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'प्रभूची स्तुती असो' यायचं, म्हणून आम्ही कारकून मंडळी पाठीमागे त्यांना स्तुतीसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. यांनी डोळे मिटून प्रार्थना करायची इतकी सवय लावून घेतली होती की ते एरवीही फारसे उघडत नसत.

साहेबांची लाडकी वस्तू म्हणजे आमच्या ऑफिसातला फळा. फळ्याच्या डाव्या बाजूला 'विनंत्या', उजव्या बाजूला 'उत्तरं'. कोणाला काही हवं असलं की चिठ्ठी डावीकडे टाचायची आणि सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. देवानं दिलं की चिठ्ठी उजवीकडे. चिठ्ठ्या हलवायचं काम माझं. उजवी बाजू भरलेली दिसली की साहेबांना रात्री चांगली झोप लागायची म्हणे.

वर्षातून एकदा मोठ्या शहरातून डोळ्यांच्या डॉक्टरांची तुकडी यायची. आठ दिवस राहायची, ऑपरेशनं करायची आणि रविवारची उपासना करून निघून जायची. कोणाचं ऑपरेशन करायचं याची यादी मेट्रन करायच्या, आणि ती त्या डाव्या बाजूच्या चिठ्ठ्यांवरून. शिंपीदादांची चिठ्ठी तिथं पहिल्यापासून होती. मावशींनी स्वतः आणून लावली होती. मागच्या दोन वर्षी नंबर लागला नव्हता. या वर्षी लागणार असं मेट्रननी त्यांना शब्द देऊन सांगितलं होतं.

आणि तिथं आमचं आभारपत्र आडवं आलं.

दूरदूरच्या वाचकांना आम्ही दरवर्षी एक छापील पत्र पाठवायचो. देवानं वर्षभरात काय काय केलं त्याचं. छापायला तीन आठवडे, टपालाला तीन आठवडे. पत्र उपकारस्तुतीच्या रविवारी लोकांच्या हातात पडलंच पाहिजे असा साहेबांचा हट्ट. पण डॉक्टर येणार त्याच सुमाराला. मग डोळे उघडल्याची बातमी पत्रात यायची कशी? साहेबांनी त्यावर तोड काढली. शिंपीदादांना मशीनसमोर बसवलं, हातात सुईदोरा दिला आणि कंपाउंडरकडून फोटो काढून घेतला. दोरा मावशींनीच ओवून दिला होता. त्यांना सांगितलं होतं, हा फोटो प्रार्थनेसाठी आहे.

"टाइप करा," साहेब मला म्हणाले. "आमच्या वृद्ध शिंप्याला प्रभूनं दृष्टी दिली. आता तो स्वतः सुईत दोरा ओवतो."

मी म्हटलं, "साहेब, ऑपरेशन अजून व्हायचंय."

"विश्वास म्हणजे काय मग? मिळण्याआधीच मिळालं असं समजून आभार मानायचे. डॉक्टर येणारच आहेत, यादीत नाव असणारच आहे. प्रभूची स्तुती असो."

मी टाइप केलं. शिंपीदादा रोज सकाळी भिंतीला हात लावत लावत नळावर जायचे, ते मी बघत होतो. तरी टाइप केलं. पत्र छापून आलं तेव्हा साहेबांनी एक प्रत फळ्याच्या उजव्या बाजूला स्वतःच्या हातानं लावली आणि मला म्हणाले, "त्याची चिठ्ठी इकडे घ्या. दोन ठिकाणी दोन गोष्टी दिसायला नकोत." मी चिठ्ठी उजवीकडे घेतली.

पुढचं सांगायलाच नको. मेट्रन यादी करायला आल्या, डावीकडच्या चिठ्ठ्या उतरवून घेतल्या आणि गेल्या. आठ दिवसांत त्रेसष्ट ऑपरेशनं झाली. मावशी रोज नवऱ्याला आंघोळ घालून दारात आणून बसवायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेट्रनना विचारलं. मेट्रननी यादी पाहिली, नाव नाही. साहेबांकडे जा म्हणाल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण चूक सापडली म्हणून नाही.

"मावशी, पत्र गेलं की हो! हजारो लोक या क्षणी त्यांच्या डोळ्यांबद्दल देवाचे आभार मानताहेत. आता आपण त्यांचं ऑपरेशन करायचं म्हणजे त्या सगळ्यांना खोटं पाडायचं. शिवाय तुकडीच्या मुख्य डॉक्टरबाईंनीही पत्र वाचलंय. त्या काय म्हणतील?"

"साहेब, ह्यांना दिसत नाही," मावशी म्हणाल्या.

"ते मी समजतो. पुढच्या वर्षी बघू. शांतपणे, गाजावाजा न करता. तोवर प्रार्थना करा."

पुढच्या वर्षी. सत्तरीच्या माणसाला आणखी एक वर्ष अंधारात बसवायचं, कशासाठी, तर एका छापील ओळीची लाज राखायला! मी टेबलाशी होतो. सगळं ऐकलं. मान खाली घालून पाकिटांना डिंक लावत राहिलो.

वर कडी म्हणजे डॉक्टरबाईंनी शनिवारी सहज विचारलं, "तुमचे ते पत्रातले शिंपी कुठे आहेत? भेटायला आवडेल. मागच्या तुकडीत झालं असेल त्यांचं." साहेबांनी वेळ मारून नेली, पण टाळता येईना. शेवटी मावशींना निरोप गेला: रविवारी शिंपीदादांना चांगला शर्ट घालून पहिल्या बाकावर बसवा. काही बोलू नका म्हणावं. हसून हात जोडले की झालं. डॉक्टरबाईंची गाडी दोन वाजता सुटते.

आमच्या देवळात प्रवचनानंतर मोकळी प्रार्थना असायची. म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि मोठ्यानं प्रार्थना करायची. बाकीच्यांनी डोळे मिटायचे, मान खाली, आणि उभा राहिलेला 'आमेन' म्हणेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. याचा फायदा घेणारे काही कमी नव्हते. आमचा कंपाउंडर देवाला सांगायच्या मिषानं शेजाऱ्याचे वाभाडे काढायचा, आणि शेजाऱ्याला ते डोळे मिटून ऐकावे लागायचे. मावशी मात्र तीस वर्षांत एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या. शेवटच्या बाकावर बसायच्या आणि उपासना संपली की हंड्याखालचा जाळ बघायला पळायच्या.

त्या रविवारी साहेबांची प्रार्थना झाली. अकरा मिनिटांची. डॉक्टरांबद्दल आभार, त्रेसष्ट जणांबद्दल आभार, पत्राच्या वाचकांबद्दल आभार. मग पहिल्या बाकावरून मावशींचा आवाज आला.

"बापा, मला नीट प्रार्थना येत नाही. तू समजून घे. या डॉक्टरबाई आल्या, आठ दिवस उभ्या राहून राबल्या, त्याबद्दल तुझे आभार, आणि त्यांचेही. पत्रात छापलंय की तू माझ्या नवऱ्याला डोळे दिलेस. पत्रात दिलेस बापा, तोंडावर नाही दिलेस. ते माझ्या शेजारी बसलेत. शर्ट कोणत्या रंगाचा घातलाय ते त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलं तेव्हा कळलं."

मी डोळे उघडले. नियम मोडला. साहेबांचा चेहरा कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखा झाला होता. ते खाकरले. दुसऱ्यांदा खाकरले. मग मोठ्यानं म्हणाले, "आमेन!"

सवयीनं अर्ध्या देवळानं 'आमेन' म्हटलं.

"बापा, साहेबांचं आमेन झालं," मावशी म्हणाल्या, "माझं व्हायचंय अजून. मी कोणाची तक्रार करत नाही. तुझ्याशी बोलते आहे. तुला सगळं ठाऊक असतं, पण इथल्या यादीत नाव असल्याशिवाय कोणाला काही ठाऊक होत नाही, म्हणून मोठ्यानं सांगते. ह्यांचं ऑपरेशन झालेलं नाही. मागच्या वर्षी नाही, त्याच्या मागच्या वर्षी नाही, या आठ दिवसांतही नाही. रोज दारात बसले होते. मला पुढच्या वर्षी या असं सांगितलंय. पुढच्या वर्षापर्यंत हे असतील की नाही ते तुला ठाऊक, मला नाही. गाडी दोन वाजता सुटते बापा. माझं म्हणणं संपलं. येशूच्या नावानं. आता आमेन."

या वेळी कोणी 'आमेन' म्हटलं नाही. डॉक्टरबाई जागेवरून उठल्या होत्या. शिंपीदादांसमोर उकिडव्या बसून त्यांनी पर्समधला छोटा टॉर्च काढला, एका डोळ्यात मारला, दुसऱ्या डोळ्यात मारला. मग साहेबांकडे वळून विचारलं, "या माणसाला तुम्ही काय म्हणून इथं बसवलंत?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. आयुष्यभर दिवसातून वीस वेळा देवाशी बोलणाऱ्या आमच्या साहेबांना एका माणसाशी बोलायला एक शब्द सापडेना.

गाडी दोन वाजता सुटली, पण डॉक्टरबाईंशिवाय. सोमवारी सकाळी त्यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. दोन्ही एकदम करत नाहीत, आणि त्याहून जास्त त्यांना थांबता येत नव्हतं. डावा पुढच्या वर्षी. साहेब म्हणाले, साक्ष द्यायला एक डोळा पुरे. हे त्यांनी खरोखर म्हटलं. मी ऐकलं आहे.

मंगळवारी पट्टी काढली तेव्हा खोलीत साहेब हात जोडून तयारच होते, पहिल्या शब्दाची वाट बघत. शिंपीदादांनी दोनतीनदा डोळा मिचकावला, पाण्यानं भरलेला तो डोळा मावशींवर स्थिर केला आणि म्हणाले, "अगं, किती वाळलीस तू!" मावशी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. साहेबांनी "आपण आभार मानू या" म्हणून सुरुवात केली. डॉक्टरबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

याचं काय झालं म्हणाल, तर दोन गोष्टी झाल्या. पुढच्या आभारपत्रात साहेबांनी लिहायला सांगितलं की आम्ही विश्वासानं आधीच आभार मानले होते आणि प्रभूनं त्या विश्वासाचा मान राखला. आणि मोकळी प्रार्थना बंद झाली. ज्याला प्रार्थना करायची असेल त्यानं ती लिहून आणायची आणि आधी ऑफिसात दाखवायची.

पहिली गोष्ट मी टाइप केली नाही. साहेबांनी स्वतः दोन बोटांनी टाइप केली. एवढा पराक्रम केल्यावर मला वाटलं, आता मावशींना तोंड दाखवायला हरकत नाही. दुपारी धुण्याच्या खोलीत गेलो. त्या चादरी पिळत होत्या. मी साहेबांना पोटभर शिव्या घातल्या, ढोंगी म्हटलं, आंधळा म्हटलं. त्या ऐकत होत्या. मग म्हटलं, "मावशी, ते पत्र मी टाइप केलं होतं. चिठ्ठीही मीच हलवली."

"ठाऊक आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या तुम्हीच तर हलवता."

"मला तेव्हाच चूक वाटलं होतं."

त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, पिळायला.

"मग मला येऊन सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "मेट्रनची यादी व्हायला चार दिवस होते. मी काय, इथंच होते."