बारीवाली कंपनी

नागपूरजवळ, कुहीकडच्या एका गावात उन्हाळ्यात बाया आळीपाळीने एकमेकींकडे पापड लाटतात. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. जिची बारी, ती त्या दिवसाची मालकीण. बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात आणि मुकाट तिचं ऐकतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आनंदाने वेडीच झाले. माझं कामच ते. बायांच्या गटांना, छोट्या संस्थांना मी धंद्याचं मॉडेल बसवून देते. माल कोण करणार, विकणार कुठे, आणि मुख्य म्हणजे मालक कोण. इथे तर बायांनी मॉडेल आधीच करून ठेवलं होतं!

मी ते फक्त कागदावर आणलं. कंपनी सगळ्यांची, प्रमुख दर महिन्याला बारीबारीने. माझा भागीदार कॉलेजपासूनचा मित्र, नागपुरातल्या दुकानांत माल खपवायचं तो बघायचा. तो कुरकुरायचा, "दर महिन्याले मालकीण बदलते. मोठी ऑर्डर कोण देईन आपल्याले?"

"मालकी गेली तर उरलं काय बाप्पा? मजुरीच ना?" मी भडकायची. "मग एखाद्या शेठनेच काढावी कंपनी. आपण काहून मरून राहिलो?"

तो हसून पुढच्या ऑर्डरचं बोलायला लागायचा. मला वाटायचं, पटलं त्याला. कसली भैताड मी!

यंदा पैसे लावणाऱ्यांपुढे कंपनी मांडायची होती. सिव्हिल लाइन्समधला एसी हॉल. मी हौसेने गाडी करून गावातल्या बायांना घेऊन गेले. ज्यांनी सगळ्यांत आधी आपलं अंगण आम्हाला दिलं, त्या मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मित्र स्टेजवरून इंग्रजीत बोलत होता आणि मी मावशींच्या कानात मराठीत सांगत होते.

मग पडद्यावर पुढचा टप्पा आला. गावाबाहेर एक शेड, मशीन, एक सुपरवायझर. बाया महिन्याच्या पगारावर. मालकी मित्राची आणि पैसे लावणाऱ्यांची. आम्ही दोघांनी बसून जे लिहिलं होतं त्यात यातलं अक्षरही नव्हतं.

डोकं सटकलं माझं. पण आधी मावशींना सांगणं भाग होतं, कंपनी त्यांची होती.

"मावशी, हा तुमची कंपनी घेऊन राहिला. तुम्हाला मजूर करून राहिला. उभ्या राहा आणि आत्ताच नाही म्हणा!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "मले माहीत हाये, ताई. तुमच्या भाच्याचं लगन होतं ना, तवा हे दादा गावात आलते. समद्याइनं त्याइच्या कागदावर सह्या केल्या."

त्या लग्नानंतर मी कितीदा तरी गावात गेले होते. यांच्या हातचं जेवले होते. पुढच्या बाऱ्या लावून दिल्या तेव्हा सगळ्या माना डोलवत होत्या. मित्राने दगा दिला, ठीक आहे, त्याला मी उभं-आडवं झापलं असतं. पण या बायांचं मला सहनच होईना.

"एकीनेही सांगितलं नाही मला?"

"तुमाले लय लागलं असतं. तुमचा जीव होता त्या बारीत."

"आणि तुमचा?"

"आमाले जाचच होता तिचा. बारी आली का अंगण सारवा, समद्याइचा चहा करा, वरून सासूची बोलणी. पगार आला का घरात कोणी बोलत नाही."

मी काहीतरी कडक बोलणार होते. तेवढ्यात स्टेजवरून मित्राने माझं नाव घेतलं. ही सगळी कल्पना हिचीच, असं तो म्हणाला आणि हात जोडून त्याने मला उभं राहायला सांगितलं. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत जोरात आमच्या बाया वाजवत होत्या, अगदी मनापासून. मी खुर्चीला चिकटूनच बसले.

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "उठा ना ताई," त्या मायेने म्हणाल्या, "तुमाले बलावून राहिले."