हिनकलच्या घरातले बारा दिवस

गेल्या डिसेंबरात मुलगा जर्मनीहून आला, तो सांगलीला घरी आलाच नाही. म्हैसूरला, हिनकलमध्ये, त्यानं बारा दिवसांसाठी एक घर भाड्यानं घेतलं आणि आम्हा नवराबायकोलाच तिकडे बोलावलं. "तिकडे चार वाजता अंधार पडतो, बाबा. मला नुसतं उन्हात बसायचंय," फोनवर म्हणाला. ऊन सांगलीतही असतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बायकोनं डोळे मोठे केले म्हणून गिळलं.

मुलगा आणि सात वर्षांची नात, दोघंच आले होते. नात खोकतच आली होती. सुनेला रजा मिळाली नाही, असं त्यानं सांगितलं.

घर छान होतं. वरचा मजला, पुढे रुंद गच्ची, गच्चीला लागून नारळाच्या झावळ्या. पण मला तिथे बसवेना. मी आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. घरी असलो की काही ना काही हाताशी असतं. इथे सकाळी सहाला जाग यायची आणि पुढे काय, हा प्रश्न असायचा. शिवाय आम्ही पाहुणे की यजमान, हेच मला कळत नव्हतं. चहाचं पातेलं शोधायला मुलगाही कपाटं उघडायचा आणि मीही. स्वतःच्या मुलाला 'साखर कुठे ठेवलीस रे' असं विचारायचं, आणि त्यालाही ते माहीत नसायचं.

दुसऱ्या दिवशी मी गळका नळ दुरुस्तीला काढला. तिसऱ्या दिवशी खिडकीची बिजागरी. चौथ्या दिवशी न्हाणीघराच्या दाराखाली रंधा मारायला हवा, असं ठरवून खाली मालकीणबाईंकडे गेलो. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांचे पूर्वज पिढ्यांमागे महाराष्ट्रातून म्हैसूरला गेलेले, घरात शिवणकाम. बाहेरच्या खोलीत विठ्ठलाचा फोटो आणि त्याच्याखाली शिलाईचं मशीन. घरात मराठीच बोलत, पण त्यांची ती खास म्हैसुरी मराठी.

"रंधा?" त्या म्हणाल्या. "तुमी सुट्टीला आले का कामाला आले ओ? सुम्ने बसा की स्वल्प!"

"सुम्ने म्हणजे?"

"सुम्ने म्हणजे सुम्ने. उगी. काय न करता." त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून मला बसून दाखवलं.

रंधा मिळाला नाही. मग मी चालायला लागलो. हुणसूर रस्त्यानं जायचं, ऊन चढलं की परतायचं. मुलगा गच्चीत खुर्ची टाकून बसलेला असायचा. मला पाहून दुसरी खुर्ची पुढे सरकवायचा. "बसा ना बाबा." मी "आलोच" म्हणून हातपाय धुवायला जायचो आणि तिथेच कशात तरी अडकायचो. हे मला आता आठवतं. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

सातव्या दिवशी गाडी करून आम्ही तलकाडला गेलो. कावेरीकाठी वाळूत गाडली गेलेली देवळं, वाळू उपसून मोकळी केलेली. एका देवळाच्या पायऱ्या उतरून बायको आणि मुलगा खाली गेले. नातीला चपला काढून वाळूत खेळायचं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर वर झाडाच्या सावलीत थांबलो.

"पुढच्या वेळी मम्मालाही घेऊन ये," मी सहज म्हणालो. "म्हणावं, सुट्टी काढ."

"मम्माला सुट्टीच आहे," ती म्हणाली. "ती तिच्या घरी आहे."

"म्हणजे तुमच्या घरी."

"नाही आजोबा. तिचं नवीन घर. तिथे माझा वरचा बेड आहे, शिडीवाला." आणि ती पुन्हा वाळूत हात खुपसून बसली.

मी तिला दुसरं काही विचारलं नाही. लेकराकडून काय काढून घ्यायचं? दोघं पायऱ्या चढून वर आले, तेव्हा बायकोनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती जागीच थांबली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मला?"

"तुमचं बीपी..."

"बीपीला काय झालंय माझ्या!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पुढे चाललेली माणसं वळून पाहू लागली.

मुलगा मध्ये पडला. "आईला मीच सांगू नकोस म्हटलं होतं. सांगलीत काका, आत्या, शेजारी, कुणासमोर बोलणार? म्हणून हे घर घेतलं. तुम्हाला समोर बसवून मीच सांगणार होतो. रोज सकाळी ठरवत होतो." त्याचा आवाज खाली गेला. "पण तुम्ही बसतच नव्हता, बाबा."

मी वळलो आणि चालू लागलो. बुटांत वाळू शिरत होती, पाय रुतत होते. नदी दिसेपर्यंत गेलो. मुलाचा संसार मोडला याचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याहून जास्त झोंबत होतं ते, घरात सर्वांत शेवटी मला कळलं हे. सात वर्षांच्या पोरीनंतर. नदीकाठी जरा वेळ उभा राहिलो, मग लाज वाटली आणि परत आलो. परतताना गाडीत नात माझ्या दंडावर डोकं टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून गच्चीत जाऊन बसलो. मुलगा चहा घेऊन आला. मला दोनदा उठावंसं वाटलं. खाली कुठेतरी पाण्याची टाकी भरून वाहत होती. तरी उठलो नाही. त्यानं सगळं सांगितलं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. नोकऱ्या, शहरं, तीन वर्षांची भांडणं, मग भांडणंही बंद. ऐकायला इतकं साधं होतं की त्यात मला काही दुरुस्त करायला जागाच सापडेना.

"मी आता काय करू?" मी विचारलं.

"काही नका करू, बाबा."

पण दुपारी मी सुनेला फोन लावलाच. काय बोलायचं ते ठरवलं होतं. तिचा आवाज आल्यावर ते गेलं.

"बाबा, पोरीचा खोकला थांबला का?" तिनं विचारलं.

"थांबला. इथे ऊन आहे चांगलं."

मग म्हणाली, "मी तुम्हाला अधूनमधून फोन केला तर चालेल?"

"विचारतेस काय," मी म्हणालो. याहून चांगलं काही तरी बोलायला हवं होतं.

उरलेले दिवस गेले. मी बायकोशी दोन दिवस धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी तिकीट काढून जर्मनीला निघाला असता." ते खोटं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा घटस्फोट झाला. नंतर मे महिन्यात सून माहेरी कोल्हापूरला आली होती. नातीला घेऊन सांगलीला आमच्याकडे चार दिवस राहिली. शेजारणी येऊन डोकावून गेल्या. बायकोनं सगळ्यांना चहा पाजला आणि कुणाला काही विचारायची सवड दिली नाही. निघताना सून नेहमीसारखी माझ्या पायाशी वाकू लागली आणि अर्ध्यातच थांबली. आता नमस्कार करायचा की नाही, हे तिला ठरवता येईना. मी तिची बॅग उचलली आणि रिक्षापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो.