गिरजाबायच्या चौकाचं दार

गिरजाबायची गोष्ट सांगायला बसलो की आधी मला हसूच येतं. हसण्यासारखी ती होतीच. पण ही गोष्ट मी आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही, आणि ती का, ते पुढे कळेल.

साल २००६. सापगावातली एक भातगिरणी बंद पडून होती. डोंबिवलीच्या हर्षालीताईंनी ती भाड्यानं घेतली आणि तिथं कापडाचं काम सुरू केलं. हातानं काढलेलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घालायचं, ते लहानमोठं करून यंत्रानं कापडावर छापायचं आणि त्या छापावर पुन्हा लाकडी ठशांनी हाताचं काम चढवायचं. अर्धं यंत्राचं, अर्धं माणसाचं. ताई म्हणायच्या, "प्रयोग आहे, काका. फसला तर फसला."

मी ठसे मारायला होतो. कापडाला सोड्याचं आणि डिंकाचं पाणी पाजायचं, वाळवायचं, ताणून टाचायचं आणि छपाई होऊन आलं की ठसा मारत जायचं. ठशाला ठसा असा भिडला पाहिजे की मधे केसाएवढीही फट दिसता कामा नये. सातवी शिकलेला शेतकरी माणूस मी, पण यात माझा हात असा बसला की ताई मुंबईच्या पाहुण्यांना मुद्दाम माझ्या ठशांचे जुळलेले कोपरे दाखवायच्या. मी आपला मान खाली घालून उभा, आणि आतून नुसता फुललेला.

गिरजाबाय मुरबाडकडची, डोंगराखालच्या वाडीतली. नवरा मंगळ्या कसाऱ्याला रुळांच्या कामावर जायचा. तिच्या वाडीत लग्न निघालं की भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायला हिलाच बोलावणं. लग्नघरी नवरीच्या आईच्याही आधी हिच्या हातात पानसुपारी पडायची. पट्टी नाही, पेन्सिल नाही. बांबूची काडी चेचून केलेली कुंचली, आणि माप म्हणजे स्वतःची वीत.

ताईंनी तिची माणसं कॉम्प्युटरवर वाढवून पुरुषभर उंचीची छापली, तो दिवस मला आठवतो. भिंतीवर बोटभर असणारा, तारपा फुंकत नाचवणारा तिचा तारपेवाला कापडावर हा एवढा! गिरजाबाय दाराआड जाऊन उभी राहिली.

"ये ना गं बाहेर," ताई म्हणाल्या.

"नको गो ताय. याला येवढा कुनी वाढवला? आता याला खायाला काय घालनार तुमी?"

आम्ही पोट धरून हसलो. मग तीही हसली, आणि जवळ येऊन तारपेवाल्याच्या गुडघ्यावर टिचकी मारून बघितली.

दुसऱ्या वर्षी ताईंनी तिच्याकडून पूर्ण चौक काढून घेतला, खादीवर. पंधरा दिवस ती जीपनं येत होती. चारी बाजूंनी नक्षीची चौकट, आत देवी, बाहेर झाडं, मोर, नाचणारी माणसं. शेवटच्या दिवशी तिची लेक चिमी हिला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून गिरजाबाय बाराच्या जीपनं निघून गेली. ताई जेवायला गेल्या होत्या. दोन वाजता वीज येणार होती, आणि आली की लगेच चौक तुकड्यातुकड्यानं स्कॅन करायचा होता.

मी चौकासमोर उभा राहून कौतुकानं बघत होतो. आणि मला दिसलं, की खालच्या बाजूला चौकटीत दोन बोटांची जागा मोकळी राहिली आहे.

घाईत राहिली असणार, मला वाटलं. कापडावर हाच चौक शेजारीशेजारी छापला तर दर हातावर ही फट दिसणार. वाटीत पीठ कालवलेलं होतं, काडी तिथंच होती. कोपरे जुळवणारा माणूस मी. बसलो खाली आणि दिली रेघ ओढून. इतकी साफ आली म्हणून सांगू, की तिची कुठली आणि माझी कुठली, मलाच ओळखू येईना. मी स्वतःवर खूश!

ताई आल्या. वाकून बघितलं. "काका, इथं मोकळं होतं ना काहीतरी?"

गिरजाबायच्या चित्राला मी हात लावायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. तोंडातून निघून गेलं, "हो, गिरजाबायनंच भरलं जाताना."

एवढंच वाक्य. पुढं कापड छापलं गेलं, वाफवलं, मी वर ठसे चढवले आणि मुरबाडच्या एका हॉलमध्ये ताईंनी ते मांडलं. मुंबईला न्यायच्या आधी गिरजाच्या वाडीतल्या बायकांनी बघावं अशी त्यांची हौस. दोन जीप भरून बाया आल्या. मी चहाचे कप घेऊन फिरत होतो.

लग्नात गाणी म्हणणारी बुधी म्हातारी कापडापुढं थांबली. तिनं खालच्या चौकटीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि वळून म्हणाली, "गिरजे, दार बुजवलंस?"

तेव्हा बायांच्या बोलण्यातून मला पहिल्यांदा कळलं. त्यांच्या वाडीत चौकाला दार ठेवतात. देवी त्यातून आत येते. अक्षता पडल्या, नवरानवरी घरात आली, की मगच चौक काढणारी बाई शेवटची रेघ ओढून दार बुजवते. लग्न नसताना जिनं दार बुजवलं, तिचा हात पुन्हा लग्नाच्या भिंतीला लावत नाहीत.

गिरजाबाय कापडाजवळ गेली. तिचा चेहरा असा झाला की मी कपांकडं बघायला लागलो.

"मी नाय बुजवलं," ती म्हणाली. "मी दार ठेवून गेलते. या यंत्रानं बुजवलं आसंल."

"यंत्र आपल्या मनानं रेघ काढत नाही गं," ताई म्हणाल्या. त्यांचा काय दोष? "जाताना तूच भरलंस ना?"

"मी? मी कशाला भरीन?"

"यंत्राला लगीन लावायचं व्हतं वाटतं!" मागून कुणीतरी बोललं, आणि बाया हसल्या.

"हसा गो हसा," गिरजा म्हणाली. "त्या मेल्यानंच बुजवलंय. माना तर माना."

वाडीच्या लेखी ती खोटं बोलत होती. ताईंच्या लेखीही. आणि खरं जाणणारा माणूस मधे ट्रे घेऊन उभा होता. तो म्हणाला, "चहा घ्या, निवतोय." गिरजाबायनंही घेतला एक कप, माझ्याच हातून.

त्यानंतर ती गिरणीत कामाला आली नाही. मी रोज ठरवायचो, उद्या ताईंना सांगू. उद्या आला की काम निघायचं.

फाल्गुनात चिमीचं लग्न ठरलं. मंगळ्या स्वतः सापगावला बोलावणं द्यायला आला. "दादा, तुमी याच. गिरजानं सांगलंय." मी गेलो. नवी टोपी घालून गेलो.

चौक काढला होता गंगीनं, दुसऱ्या वाडीतून बोलावलेल्या बाईनं. रेघा जाड, मोराची मान आखूड. लेक गिरजाची, भिंत गिरजाची, सारवलेली तिच्याच हातानं, आणि काडी गंगीच्या हातात. अक्षता पडल्या, जोडी आत आली. दार बुजवायला गंगी बसली तेव्हा सगळ्या बाया घरात दाटल्या. गिरजाबाय अंगणात होती. पाण्याचा हंडा आधीच भरलेला होता, तरी ती त्यात पाणी ओतत होती. हंडा भरून वाहायला लागला. मला बघून म्हणाली, "जेवला का, दादा? लाजू नका, पोटभर जेवा."

मी जेवलो. भात, डाळ, वर बुंदी. दोनदा वाढून घेतलं, हेही सांगूनच टाकतो.

घरी आलो आणि कामाला लागलो. दहा-बारा दिवस असेच काढले. मग ताईंना सांगितलं. "काका, मला ती फट आवडली होती," एवढंच बोलल्या आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुरबाडची जीप धरली.

वाडीत बाया मोहाची फुलं वाळत घालत होत्या. बुधी होती, गिरजाबाय होती, आणखी चार-पाच जणी. मी उभ्यानंच बोललो. कधी रेघ ओढली, ताईंना काय सांगितलं, हॉलमध्ये गप्प का राहिलो, सगळं.

बुधीनं डोळे बारीक केले. "म्हंजी तुमी बुजवलं? तुमच्या हातानं?"

"हो, आजी."

"आन् तुमी तर पुरूस."

"हो."

"गो बायांनो, आयकलं का? पुरसानं दार बुजवलं!" म्हातारी एकदम खिदळायला लागली. "पुरसाच्या हाताची रेघ कवा मोजतात काय? सुवासिनीचा हात लागंल तवा दार बुजतं. ते तर हाय तसं उघडंच हाय!"

सगळ्याजणी फुटल्या. एकीनं विचारलं, दादा, हळदीला जातं पन तुमीच फिरवता का? दुसरी म्हणाली, पुढच्या लग्नात यांना हिरवा चुडा भरा. मीही हसलो, काय करणार. बुधीनं तिथंच सांगून टाकलं, "वैशाखात सुदामकडं लगीन हाय. चौक गिरजीच काढील."

हसली नाही ती फक्त गिरजाबाय. हातातली फुलं तिनं चटईवर पसरली, एकेक सुटी केली.

"दादा," ती म्हणाली, "त्या यंत्राला मी वरीसभर शिव्या घातल्या."

मी मान हलवली.

"चिमीच्या लग्नात तुमी माझ्या दारात व्हता. मी जेवा म्हनलं, तवा सांगायला काय झालं व्हतं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. खरंच उत्तर हवं असल्यासारखी.

मी म्हणालो, "जीप येईल आता," आणि निघालो.

जीप यायला अजून दीड तास होता.